कणकेचा दिवा

सण जवळ आला की घरोघरी एक वाद हमखास उठतो. हे आपल्यात चालतं का, ते आपल्यात बसतं का! हिंदूंच्या घरी उठतो, मुसलमानांच्या घरी उठतो, आणि वाचकहो, ख्रिस्ती माणसाच्या घरीही उठतो. सोलापुरात एकोणीसशे अठ्ठावीस सालच्या नाताळात तो येशूदास मास्तरांच्या घरी उठला आणि त्यात एक म्हातारा बाप दुखावला गेला. त्याचीच ही हकीकत.

येशूदास मिशनच्या शाळेत शिकवायचा. माणूस सरळ, कष्टाळू, पण स्वभावानं भारी स्वप्नाळू. मुलं पाट्यांवर शुद्धलेखन लिहीत असायची आणि हा खिडकीपाशी उभा राहून गावाबाहेरच्या माळाकडं बघत असायचा. खडू हातात तसाच. मुलं एकमेकांना कोपरानं ढोसून म्हणायची, "मास्तर गेले चरायला!"

मुलं थट्टेनं म्हणायची, पण त्यांचं फारसं चुकत नव्हतं. येशूदासचं पाळण्यातलं नाव येडू. माळशिरसकडच्या मायाप्पा धनगराचा तो एकुलता एक मुलगा. त्याचं लहानपण मेंढरांमागं गेलं. डोळे मिटले की अजून त्याला घोंगडीचा ओलसर वास यायचा, वाघुरीच्या जाळ्यात दाटीवाटीनं बसलेल्या मेंढरांच्या श्वासांची ऊब अंगाला लागायची. दुष्काळाच्या साली मायाप्पानंच त्याला मिशनच्या बोर्डिंगात आणून ठेवलं होतं, पोराला दोन घास तरी मिळतील म्हणून. पोरगं तिथं शिकलं, शहाणं झालं आणि मोठेपणी आपल्या मनानं ख्रिस्ती झालं. मायाप्पानं आदळआपट केली नाही. एवढंच म्हणाला, "देव बदललास, बदल. बाप बदलू नगंस म्हंजे झालं."

पण एक गोष्ट घडून गेली होती. बाप्तिस्मा झाल्यावर पहिल्याच दिवाळीला येडू मेंढरांच्या तळावर गेला. आई फुलाबाईनं पहाटे त्याला अंघोळ घातली, कपाळाला कुंकू लावायला बोट उचललं आणि ओवाळायला दिव्याचं ताट हातात घेतलं. त्यानं तिचा हात धरला. "आई, हे मला चालत नाही," तो म्हणाला. नवा विश्वास, नवं रक्त! फुलाबाईनं हात सोडवून घेतला. वळली, आणि तेच ताट घेऊन मेंढरांना ओवाळत सुटली. धुक्यात तो दिवा एकेका मेंढराच्या तोंडापुढून सरकत गेला, आणि जिथं जिथं गेला तिथं तिथं दोन डोळे चमकून विझले. त्याच हिवाळ्यात इन्फ्लुएन्झाच्या साथीत ती गेली. येशूदासला मातीला जायलाही मिळालं नाही.

पुढं त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. मायाप्पाचा कळप दरवर्षी सोलापूरवरून पुढं जायचा, पण म्हातारा मुलाच्या दाराशी कधी आला नाही आणि मुलानंही कधी बोलावलं नाही.

त्या वर्षी डिसेंबरात परगावाहून एक प्रवचनकार आले. आवाज पहाडी, बोलणं धारदार. मिशनच्या ख्रिस्ती देवळात उभे राहून त्यांनी विचारलं, "पंचवीस डिसेंबर ही तारीख शास्त्रात कुठं आहे, दाखवा! नाही दाखवता येत? मग ऐका. तो रोमी लोकांच्या सूर्यदेवाचा सण होता. दिवे त्यांचे, माळा त्यांच्या, मेजवान्या त्यांच्या. ख्रिस्ताच्या नावाखाली तुम्ही मूर्तिपूजकांचं जुनं पोतेरं घरात घेऊन बसला आहात. आणि हिंदुस्थानात त्यात आणखी भर! रांगोळ्या, तोरणं, पणत्या! उपटा हे सगळं मुळासकट!"

माणसं घरी गेली आणि निम्मं विसरली. येशूदासच्या मनात मात्र ते बोलणं घट्ट रुतून बसलं. का, ते त्याचं त्यालाही नीट उमगलं नव्हतं. प्रवचनकार जर खरे, तर त्या दिवाळीला आईचा हात धरला तोही खराच! इतकी वर्षं छातीत सलत असलेल्या काट्याला कुणीतरी धर्माचं नाव दिलं होतं.

त्यानं ख्रिस्ती मंडळीच्या पंचांपुढं ठराव मांडला. यंदा देवळात आणि ख्रिस्ती घरांत पणती नको, रांगोळी नको, तोरण नको, ओवाळणं तर नकोच नको. पंचांनी माना डोलावल्या. बायका आपापसात कुजबुजल्या. मिशनच्या बंगल्यात मडमबाई दरवर्षी सुरूच्या झाडाची फांदी कुंडीत रोवून तिला रंगीत कागद आणि मेणबत्त्या लावायच्या. त्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. ते साहेबांच्या देशातलं ना!

नाताळच्या आदल्या दिवशी सांजवेळी येशूदास घरी आला. सवयीनं कुणीतरी देवळाच्या दाराला बांधलेलं तोरण त्यानं स्वतः सोडलं होतं. हाताला आंब्याच्या पानांचा वास येत होता. गिरणीचा भोंगा नुकताच होऊन गेला होता. ओसरीवर धोंडीरामबापू करंजी खात बसले होते. हे मंडळीचे जुने पाळक, म्हणजे धर्मोपदेशक, आता काम सोडून शेजारीच राहत. हाडं थकलेली, पण चष्म्याआडचे डोळे मिश्कील.

"आत जा," बापू म्हणाले. "पाहुणे आलेत."

आत पाटावर मायाप्पा बसला होता. डोक्याला तांबडं मुंडासं, खांद्यावर घोंगडी, दाढीचे खुंट पांढरे झालेले. समोर चार वर्षांची रूथ मांडी घालून टुकूटुकू बघत होती. आणि म्हाताऱ्याच्या हातात ताट होतं. ताटात कणकेचा दिवा. वात पेटलेली.

"मीच निरोप धाडला होता," सगुणा, त्याची बायको, पुढं होत म्हणाली. "बाजारात त्यांच्याकडची माणसं भेटली. म्हटलं, सणाला मामंजींना बोलवावं."

"ये रं," मायाप्पा हसून म्हणाला. "नातीचं तोंड पयल्यांदाच बगतूया. आन् सूनबाई म्हनली, उद्या तुमच्या देवाचा जल्मदीस हाय. मग म्हनलं, पोरीला ओवाळावं. तुजी आय आसती तर तिनंच..."

त्यापुढचं येशूदासला ऐकू आलं नाही. त्याला ती धुक्यातली पहाट दिसली, आईचा तो हात दिसला. तो पुढं झाला, वाकला आणि त्यानं तोंडानं फुंकर मारून दिवा विझवला!

घरातला दिवा कुणी फुंकरीनं विझवत नाही. मालवायचाच तर पदराच्या वाऱ्यानं मालवतात. त्यातून ओवाळणीचा दिवा! ताट हिंदकळलं, तेल म्हाताऱ्याच्या धोतरावर सांडलं. जळक्या वातीचा धूर वर गेला आणि रूथनं भोकाड पसरलं.

मायाप्पानं धोतरावरचं तेल हातानं पुसलं. मग ताट हळूच खाली ठेवून उठला. "चुकलं बाबा माजं. तुजा सन हाय, तुज्या रीतीनं कर." खांद्यावरची घोंगडी त्यानं रूथच्या मांडीवर पसरली. "आज्याची हाय ही. ऊब आसती. सूनबाई, पोरीला जपा. मी होटगीच्या वाटंला माळावर हाय. भिमा तापानं फणफणलाय, येकलाच हाय तितं. जातो."

"मामंजी, जेवून तरी..." सगुणा दारापर्यंत धावली. पण धनगराची चाल ती! तो केव्हाच अंधुक उजेडात मिसळून गेला होता.

सगुणा परत आली.  "अहो, आपल्या देवानं परक्यांनाही जवळ घेतलं, असं तुम्हीच शाळेत शिकवता ना? मग त्या देवाच्या वाढदिवशी स्वतःचा बाप उपाशी घालवलात?"

"मी धर्माला धरून वागलो," येशूदास पुटपुटला.

"कुठल्या?" ओसरीवरून बापूंचा आवाज आला. ते उठून आत आले आणि भिंतीला टेकून बसले. हातात अर्धी करंजी तशीच होती. "येशूदास, बस इथं. मला एक सांग, ही करंजी कुठल्या शास्त्रातली?"

"बापू, थट्टा नको."

"थट्टा नाही करत. नाताळात आपण करंज्या तळतो. त्या दिवाळीच्या. तुझ्या बायकोच्या आजीनं ख्रिस्ती मंडळीत येताना बरोबर आणल्या. त्या तुला चालतात, कारण गोड लागतात. दिवा चालत नाही!"

"पण बापू, दिवे मूर्तिपूजकांचे. ती तारीखसुद्धा..."

"मी ऐकलं ते प्रवचन. त्यातलं बरंच खरं असेल. आपला प्रभू कुठल्या दिवशी जन्मला ते शास्त्र सांगत नाही. काही पंडित म्हणतात, रोमी लोकांच्या सूर्याच्या सणावर आपल्या पूर्वजांनी हा सण बसवला. दुसरे म्हणतात, नाही, जुन्या मंडळीनं आपला आपणच हिशोब मांडून हा दिवस काढला. मी उभा जन्म वाचतोय, मला अजून छातीठोक सांगता येत नाही. बरं, सूर्याचाच होता म्हणू. आपण उपासना कुठल्या वारी करतो?"

"रविवारी."

"रवी म्हणजे कोण रे?"

दाराआडून सगुणानं हसू दाबलं.

"मडमबाईंचं ते हिरवं झाड. उत्तरेकडच्या थंड मुलखात ऐन हिवाळ्यात हिरवी फांदी घरात आणायची जुनी रीत, म्हणतात. कुणी सांगतात, ख्रिस्ताचं नावही तिथं पोचलं नव्हतं तेव्हापासूनची. ती माणसं ख्रिस्ती झाली आणि येताना आपलं झाड घेऊन आली. त्यांना कुणी म्हणालं नाही, आधी झाड तोडून या. मग मायाप्पाच्या दिव्यानंच काय घोडं मारलं? साहेबाच्या आजोबाचं ते सारं पवित्र, आणि आपल्या आजोबाचं तेवढं पोतेरं? ही कसली शुद्धता, येशूदास? ही लाज आहे लाज! आपल्याच माणसांची लाज!"

शेवटचा शब्द खोल जाऊन लागला. तरी येशूदास एवढं म्हणाला, "मग काहीच सोडायचं नाही का, बापू? माणसं दिव्यालाच देव म्हणायला लागली तर?"

"ही भीती खोटी नाही," बापूंचा आवाज मऊ झाला. "प्रवचनकारांचंही त्यात बरोबर आहे. दिव्यापुढं कुणी लोटांगण घालायला लागला तर मला हाक मार, मी समजावायला येईन. पण तुझा बाप दिव्याची पूजा करत नव्हता, तो नातीवर माया करत होता. सण कुठून आला हे जरूर शोधावं, शहाण्या माणसानं शोधावंच. पण तो आता कुणाकडं नेतोय, हे आधी बघावं. देवाकडं आणि माणसाकडं नेत असेल तर त्याला दारात अडवू नये."

बापू गेले. सगुणा रूथला घेऊन चुलीपाशी बसली. येशूदास ओसरीवरच्या खुर्चीत टेकला आणि तसाच पेंगुळला. सांजेचा धूर बैठ्या घरांवर तरंगत होता. झोप म्हणावी तर झोप नव्हती, जाग म्हणावी तर जाग नव्हती. त्याला वाटलं, समोरचा रस्ता हळूहळू माळ झालाय, आणि माळावर आई चाललीय. तिच्या हातात ताट नाही, काही नाही. ती नुसतीच एकेका मेंढराच्या तोंडावरून हात फिरवतेय. तो हाक मारतोय, पण आवाज फुटत नाही. ती त्याच्यापर्यंत आली, थांबली आणि अगदी सहज म्हणाली, "यवडं लांब का बसलास रं?"

तो दचकून जागा झाला. गाल ओले होते.

नाताळची पहाट फटफटत होती तेव्हा तो घराबाहेर पडला. सगुणानं भाकरी आणि करंज्या फडक्यात बांधून दिल्या. होटगीच्या वाटेवर धुकं इतकं दाट होतं की बाभळीसुद्धा जवळ गेल्यावरच उमटायच्या. पाय आपोआप चालत होते. रेल्वेची शिट्टी कुठूनतरी आली आणि कापसात शिरावी तशी विरून गेली. आणि मग तो वास आला. ओल्या लोकरीचा, लेंड्यांचा, दुधाचा. डोळे मिटले असते तरी तो आता पोचला असता.

मायाप्पा विझत आलेल्या शेकोटीपाशी बसला होता. पलीकडं भिमा, येशूदासचा चुलतभाऊ, वाकळेत गुरफटून कण्हत होता. आपली घोंगडी नातीला देऊन म्हातारा नुसत्या धोतर-मुंडाशावर थंडीत राहिला होता.

"आबा!" येशूदासनं त्याचे पाय धरले. "माझं चुकलं. आईच्या वक्ताला बी चुकलं."

किती वर्षांनी त्याच्या तोंडी ती बोली आली होती! म्हाताऱ्याचा हात त्याच्या पाठीवर पडला. खरखरीत, जड हात.

"बस. शेक जरा," मायाप्पा म्हणाला. "रडतोस काय? तुजी आय कंदी रागावली न्हाय तुज्यावर. म्हनायची, पोरगं लांबच्या वाटंला लागलंय, दमल आन् यील."

दोघांनी भाकरी मोडली. धुक्यात मेंढरं खाकरत होती. जरा वेळानं म्हातारा म्हणाला, "काय रं, तुमच्या देवाचा जल्म झाला त्यो दीस हाय म्हनं. कसा झाला, सांग की."

येशूदासनं सांगितलं. शाळेत सांगायचा तसं नव्हे. आपल्या बोलीत सांगितलं. गोठ्यातलं बाळ, उपऱ्या आईबापांना कुठं जागा मिळाली नाही ते, आणि रानात कळप राखत बसलेले मेंढके. "त्येंच्यापाशी देवाचा दूत आला, आबा. राजाकडं न्हाय गेला, भटाबामनाकडं न्हाय गेला. मेंढक्यांपाशी आला."

"हां!" म्हाताऱ्याचे डोळे लकाकले.

"कोण कोण म्हनत्यात, त्या मुलखात थंडीत मेंढरं बाहेर नसत्यात, म्हनून ह्यो दीस खरा न्हवं."

"त्येंचं त्येंला ठावं. आमी तर थंडीतच बाहेर असतो की. मग? फुडं?"

"मग ते उठले आन् गावात बाळ बगाया गेले."

मायाप्पानं काटकीनं निखारे हलवले. मग म्हणाला, "येक इचारू? मेंढकं गेलं म्हन्तोस. मग मेंढरं कुनापाशी ठिवली?"

किती वर्षं येशूदास ही कथा शिकवत होता! एका मुलानं, एका पाळकानं, खुद्द त्या प्रवचनकारांनीही हे कधी विचारलं नव्हतं. "शास्त्रात लिव्हलेलं न्हाय, आबा."

"लांडग्याचं रान आसंल. उघडी टाकून कोन मेंढका जाईल? कुनीतरी मागं राह्यलं आसंल. त्येनं बी दूत बघितला आसंल. लई वाटलं आसंल त्येला जावं म्हनून." म्हाताऱ्यानं मुलाकडं पाहिलं. "त्यो राह्यला, म्हंजे त्येनं देवाचं आयकलं न्हाय, आसं व्हतं का रं?"

"न्हाय, आबा." येशूदास म्हणाला. "त्यो राह्यला म्हनून बाकीचे जाऊ शकले."

बोलून गेल्यावर त्याला आपलेच शब्द ऐकू आले. दुष्काळात बोर्डिंगच्या दारात त्याचा हात सोडून मागं फिरलेला हाच माणूस. तळावर राहिलेली आई. ती दोघं मागं राहिली, तेव्हा कुठं तो पुढं गेला. आणि पुढं जाऊन त्यानं काय केलं, तर मागं राहिलेल्यांच्या हातातला दिवा विझवला!

तो उठला. अंगातला कोट काढून त्यानं बापाच्या खांद्यावर घातला आणि भुईवर पडलेली काठी उचलली.

"आबा, देवळात उपासना सुरू व्हायला अजून वेळ हाय. तुमी जावा. सगुणा आन् रूथ दारात वाट बघत आसतील. मेंढरांपाशी आज मी राहतो. भिमालाबी बगतो."

"आरं, मास्तर तू! नाताळ तुजा. लोक काय म्हनतील?"

"म्हनू द्या. मी रोजच जातो. तुमी आज जावा. आन् सगुणेला सांगा, पोरीला ओवाळायचं राह्यलंय. तुमच्याच हातानं झालं पायजे."

धुकं विरळ होत होतं. कोट घातलेला, मुंडासं बांधलेला म्हातारा वाटेला लागला, दोनदा मागं वळला, आणि मग दिसेनासा झाला.

त्या सकाळी देवळात पेटीवर गाणं सुरू झालं तेव्हा रूथच्या बोटाला धरून एक धनगर आत आला. पंच एकमेकांकडं बघू लागले. धोंडीरामबापू उठले, त्यांनी त्याला हाताला धरून पुढच्या बाकावर आपल्या शेजारी बसवलं. एका पंचानं वाकून हळूच विचारलं, "मास्तर कुठं आहेत?"

मायाप्पा मोठ्यानंच म्हणाला, "त्यो व्हय? त्यो मेंढरांपाशी हाय."

वाचकहो, सणांची मुळं खणायला बसलं तर कुठल्या ना कुठल्या परक्या मातीत ती जाणारच. खणावीत, त्यात पाप नाही. पण एवढं ध्यानात असू द्या. आपण ज्या देवाकडं चाललो आहोत त्याच्या वाटेवर, आपल्यासाठी मागं थांबलेलं कुणीतरी असतं. त्यांची रीत वेगळी असेल, भाषा वेगळी असेल. सणाच्या दिवशी तरी त्यांच्या हातची काठी आपण घ्यावी आणि त्यांना म्हणावं, आज तुम्ही पुढं व्हा!